सुनेची कार्बनची चाकं

कृष्णात चौगुले शिरोलीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षांपासून इन्स्पेक्शनला होते. साच्यातून निघालेलं कास्टिंग गार झालं की साखळीला टांगायचं, लहान हातोडीनं एक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं, हे त्यांचं काम. खणखणीत वाजलं तर माल पुढं, बद्द वाजलं तर बाजूला. पुढं फाउंड्रीत मशीनं आली, कॉम्प्युटर आला, तरी कुठं शंका आली की साहेब म्हणायचे, "चौगुलेंना बोलवा." एकदाच, सत्त्याण्णव साली, त्यांनी चाळीस ब्रेकड्रम नापास केले होते आणि कापून बघितल्यावर आत काहीच निघालं नव्हतं. ती गोष्ट लोकांनी चांगली पाच-सहा वर्षं चघळली. तेव्हापासून कृष्णात एकाच्या जागी तीन ठोके मारायचे.

कामावर असा शब्दाला मान असलेला हा माणूस घरात मात्र फारसा बोलायचा नाही. उचगावात त्यांचं घर. मुलगा अमरसिंह पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा, रविवारी परत. घरात बायको चिमणाबाई, सून स्वप्नाली आणि दीड वर्षाची नात. स्वप्नाली लग्नाआधी तीन वेळा महाराष्ट्राकडून राष्ट्रीय सायकल स्पर्धेत उतरलेली. लग्न जमवताना सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं, पाहुण्यांना ढाली आणि पदकं दाखवली होती. नात झाली आणि सायकल जिन्याखाली गेली. पोर वर्षाची झाल्यावर एके दिवशी स्वप्नाली ती पुसायला बसली, तेव्हा चिमणाबाई म्हणाल्या, "आता बास की गं. लेकराकडं बघायचं सोडून रस्त्यानं पळत सुटणार व्हय?"

कृष्णात तिथंच बसले होते. स्वप्नालीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. त्या वेळी आपण गप्प बसलो हे त्यांना पुढं बरेच दिवस लागून राहिलं, पण बोलायची वेळ निघून गेली होती.

स्वप्नाली भांडली नाही. सकाळी पोर उठायच्या आत सायकल चालवून परत यायची, भाकऱ्या थापायला बसायची. चार-सहा महिन्यांनी चिमणाबाईच नात उठली तर तिला खेळवत बसायला लागल्या.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात कळलं, की राज्याच्या संघाची निवड यंदा कोल्हापुरातच होणार. शर्यत शहराबाहेरून सुटणार, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्यावर चढणार, खाली येणार आणि परत वर चढणार. चौघी निवडायच्या होत्या. त्याच आठवड्यात स्वप्नाली कृष्णातना म्हणाली, "आण्णा, रविवारी माझ्यासंगं याल काय? चाकं बघायची हाईत."

"कसली चाकं?"

"सायकलची. कार्बनची. मृत्युंजय सरांनी दोन जोड आणल्यात. एक मला ठेवणार म्हणालेत."

कृष्णातना त्यातलं काही कळत नव्हतं. कार्बन म्हटल्यावर त्यांना भट्टीत टाकायचा कार्बन आठवला. पण सुनेनं आपल्याला विचारलं, अमरसिंहला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "येतो की."

मृत्युंजय सर हे स्वप्नालीचे जुने प्रशिक्षक. राजारामपुरीत त्यांचं घर, मागं फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात एका पत्र्याखाली दहा-बारा सायकली. अंगापेरानं उंच, आवाज मोठा. कृष्णातना बघून ते म्हणाले, "या पावणं, या! सासरा चाकं बघायला येतोय, हे मी पयल्यांदाच बघतोय." आणि हसत त्यांनी दोन्ही जोड भिंतीला टेकवून उभे केले.

काळी चाकं. एका जोडाची रिंग पाच सेंटिमीटर खोल, जवळजवळ थाळीसारखी. दुसऱ्याची अरुंद, साध्या सायकलीसारखीच, पण उचललं तर हातात काही आहे असं वाटू नये इतकं हलकं. कृष्णातनी दोन्ही उचलून बघितली. आख धरून फिरवून बघितली. अरुंद चाक बराच वेळ फिरत राहिलं आणि थांबताना जराही डुगलं नाही.

"हे खोल कशाला?" त्यांनी विचारलं.

"सपाट रस्त्याला," सर म्हणाले. "वारं कापतंय. चाळीसच्या पुढं स्पीड गेला की फरक कळतोय. पण बाजूनं वारं आलं की ढकलतंय. आणि हे बारकं चढाला. वजन न्हाय, त्यामुळं चढाला चाक उचलल्यागत जातंय. दोन्हीला टायर गोंदानं चिकटवायचं. ट्यूब वेगळी न्हाय."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक रिंगलाच लागतोय. त्याला रबर वेगळं येतंय, बुचाचं. साधं लावायचं न्हाय."

"तापलं तर?"

सरांनी रिंगवर अंगठा फिरवला. "तापतंय. ॲल्युमिनियमला उष्णता लगेच पसरती, ह्यात पसरत न्हाय. म्हणून उताराला ब्रेक धरून ठेवायचा न्हाय, दाबायचा आणि सोडायचा. स्वप्नालीला म्हायती हाय की."

कृष्णातनी मान हलवली. दोन्ही जोड परदेशातल्या एका संघानं वापरलेले होते. सरांच्या ओळखीच्या एका माणसानं ते तिकडून आणले होते. नवे घ्यायचे तर कोल्हापुरात कुणाच्या बापाला परवडले नसते. सरांनी स्वप्नालीला सांगितलं, "दोन्ही चालवून बघ. आठ दिवस घे. मग सांग."

तिनं आधी खोल चाकं घेतली. बुधवारी सकाळी हायवेनं शिरोलीकडं गेली. कृष्णातही स्कूटर घेऊन मागं निघाले, तसंही त्यांना कामावर जायचंच होतं. सपाटीला ती अशी निघाली, की त्यांना स्कूटर तिसऱ्यातनं चौथ्यात टाकावी लागली. पण पंचगंगेच्या पुलावर नदीवरून वारं आलं आणि सायकल एकदम हातभर बाजूला सरकली. मागून ट्रक येत होता. त्यानं हॉर्न दिला आणि निघून गेला. पूल संपल्यावर स्वप्नाली कडेला थांबली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"माझं वजन सत्तेचाळीस किलो," ती म्हणाली. "मला पतंगागत उडवतंय आण्णा हे."

"मग बारकं बघ," कृष्णात म्हणाले.

बारकी चाकं घेऊन ती शुक्रवारी पन्हाळ्याला गेली. आली ती हसतच. वाघबीळपासून वर जायला आजवर लागायचा त्यापेक्षा सव्वा मिनिट कमी वेळ लागला होता. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं पोरीला उचलून दोन गिरक्या घेतल्या. चिमणाबाईंना म्हणाली, "आत्या, कायतरी गोड करूया की." कुठली चाकं घ्यायची ते तिचं ठरलं होतं. खोल चाकं परत द्यायची, बारकी ठेवायची. सरांना तिनं फोन करून सांगूनही टाकलं.

शनिवारी कृष्णातना सुट्टी होती; अमरसिंह त्या आठवड्यात आला नव्हता. स्वप्नालीनं चाकं काढून सोप्यात ठेवली होती. ते सहज बसले होते. एक चाक मांडीवर घेऊन त्यांनी रिंगवर नखानं टकटक केलं. त्यामागं काही विचार नव्हता. माणूस बसल्या बसल्या बोटं मोडतो, तसं. टिक, टिक, टिक. कोरडा, बारीक आवाज. तारा जिथं रिंगला शिरतात तिथं जरा जड, मधल्या जागेत मोकळा. पुढचं चाक सगळीकडं सारखं वाजलं. मग त्यांनी मागचं घेतलं. अर्धं चाक फिरवल्यावर त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी चष्मा लावला. आतून पोरीचा पाटीवरचा खडू आणला. मागच्या चाकाला चोवीस तारा होत्या, म्हणजे तारांमध्ये चोवीस गाळे. त्यांनी एकेका गाळ्यावर आकडा घातला, खिशातून रुपया काढला आणि प्रत्येक गाळ्याला तीन ठोके मारले. बावीस गाळे एकसारखे. चौदावा आणि पंधरावा, ब्रेक लागतो त्या पट्टीजवळ, बद्द. वरून बघितलं तर काही नाही. ना ओरखडा, ना रेघ. बोट फिरवलं तरी गुळगुळीत.

कृष्णात चाक मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. त्यांना ते चाळीस ब्रेकड्रम आठवले. लोखंडाचा आवाज त्यांना ठाऊक होता. हे लोखंड नव्हतं. कापडाचे थर डिंकात चिकटवून केलेली ही वस्तू, असं सर म्हणाले होते. थर सुटले तर असाच आवाज येईल, की असा आवाज मुळातच असतो? सांगितलं आणि खोटं निघालं तर? आणि नाही सांगितलं तर? पन्हाळ्याचा उतार त्यांच्या डोळ्यांपुढं आला. त्यांनी हाक मारली.

स्वप्नालीनं ऐकून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आण्णा, ही चाकं तिकडं शर्यतीत पळाल्यात."

"पळाली असतील."

"सरांनी बघून आणल्यात."

"डोळ्यानं बघितल्यात. डोळ्याला दिसत न्हाय ते."

तिनं चाक त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला मी शर्यतीत उतरू नये असं वाटतंय काय? तसं असलं तर सरळ सांगा. आत्यांनी सांगितलं तसं. चाकाचं निमित्त कशाला?"

कृष्णातना ते बोलणं लागलं. पण तिचं तरी काय चुकलं? त्या दिवशी आपण पेपरात तोंड घातलं होतं. आज आपल्या शब्दावर तिनं विश्वास का ठेवावा?

"असं कर," ते म्हणाले. "हा रुपया घे. मी भिंतीकडं तोंड करून बसतो. तू वाटंल तिथं वाजव. मी सांगतो."

ती नाखुशीनंच खाली बसली. कृष्णात पाठ करून भिंतीकडं बघत राहिले. मागून टिक झालं. "चांगला." परत टिक. "चांगला." चार-पाच वेळा असं झालं. मग एक टिक आला आणि ते म्हणाले, "हितं."

स्वप्नालीनं चाक फिरवलं. बराच वेळ ती इकडंतिकडं वाजवत राहिली. मुद्दाम एकाच चांगल्या गाळ्यावर चार वेळा वाजवलं. कधी हळू, कधी जोरात. "हितं," कृष्णात परत म्हणाले. आणि नंतर आणखी एकदा. चिमणाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"तिन्ही वेळा चौदा-पंधरावरच हाय गं," त्याच म्हणाल्या.

स्वप्नालीनं रुपया खाली ठेवला. "मला काय फरक कळंना झालाय," ती म्हणाली. "पण तुम्हाला कळतोय."

"खरं असंलच असं मी म्हणत न्हाय," कृष्णात म्हणाले. "एकदा चुकलोय मी. पर शंका हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं राजारामपुरीला गेली. मृत्युंजय सरांनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. मग त्यांना राग आला. "चौगुले, तुमचं सगळं आयुष्य लोखंडात गेलंय. ह्यातलं तुम्हाला काय कळणार? वीस वर्सं झाली मी पोरी घडवतोय. माझ्या पोरीला मी फुटकं चाक देईन?"

"तुम्ही द्याल असं न्हाय म्हणत मी. तुम्हालाच कुणी दिलं असंल."

हे सरांना जास्तच झोंबलं. "नको असलं तर ठेवा हितं. सुष्मिता कवाधरनं मागं लागलीय. तिला देतो. तिलाबी निवडीला उतरायचंच हाय."

सुष्मिता ही सरांकडचीच दुसरी मुलगी, स्वप्नालीपेक्षा चार वर्षांनी लहान, चढाला तिच्या तोडीची. चाक परत देऊन निघून जाणं आता सोपं होतं. कृष्णातनी स्वप्नालीकडं बघितलं. त्यांच्या मनात जे होतं तेच तिच्याही मनात आलं असावं.

"सर, ते सुष्मिताला नका देऊ," ती म्हणाली. "मीच घेतो. चाक माझं झालं. आता माझ्या चाकाचं काय करायचं ते मी करणार."

"काय करणार हाईस?"

तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं सासऱ्यांकडं बघितलं. कृष्णात म्हणाले, "सायकल तुमच्या स्टँडला लावायची, मागचं चाक उचलून. हिनं पायडल मारायचं आणि ब्रेक धरून ठेवायचा. उताराला जेवढं तापंल तेवढं तापवायचं. चार मिनटं."

"असं केल्यावर कुठलंबी चाक खराब होईल!"

"मग आधी चांगल्याला करूया. खोल चाक बद्द वाजत न्हाय, मी मघाशी बघितलंय. त्याला चार मिनटं, ह्याला चार मिनटं. सारखं दाबायचं. दोन्ही गेली तर मी खोटा."

सरांनी स्टँड ओढून अंगणाच्या मधोमध आणला. मग ईर्ष्येनं म्हणाले, "लावा. माझ्या चाकाला काय होत न्हाय."

आधी खोल चाक लावलं. सरांनी घड्याळ धरलं. स्वप्नाली पायडल मारत होती, मागचा ब्रेक तिनं अर्धा दाबून धरला होता. जळक्या बुचाचा वास अंगणात पसरला. तिच्या कपाळावरून घाम गळायला लागला. चार मिनिटं झाली. सरांनी रिंगला बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं. पण चाक होतं तसंच होतं. सरळ फिरत होतं. "बघा!" सर म्हणाले.

पाच मिनिटं दम खाऊन तिनं बारकं चाक लावलं. पहिलं मिनिट काही नाही. दुसरंही गेलं. कृष्णात रिंगकडं न बघता खाली फरशीकडं बघत उभे होते. आपण चुकलेलो असलो तरी हरकत नाही, असं त्यांना त्या घटकेला खरंच वाटत होतं. सुनेला तिची चाकं तरी मिळतील.

तिसरं मिनिट लागलं आणि टक असा आवाज झाला. मग दर फेऱ्याला टक. टक. टक. ब्रेकला काहीतरी अडकत होतं. "थांब!" कृष्णात ओरडले. पण स्वप्नालीच्या हाताला ते आधीच कळलं होतं. तिनं ब्रेक सोडला. चाक फिरून फिरून थांबलं. चौदा-पंधराच्या जागी रिंगची भिंत फुगून बाहेर आली होती, भाकरी फुगावी तशी, आणि त्या जागी टायरची कड सुटून वर उचलली होती.

मृत्युंजय सर उकिडवे बसले आणि त्या फुगाऱ्यावर अंगठा टेकवून बघत राहिले. दाबलं की तो आत जात होता, सोडलं की बाहेर.

"तुम्ही ठेवून गेला असता तर पुढच्या रविवारी मी सुष्मिताला पन्हाळ्याला न्हेलं असतं," शेवटी ते म्हणाले. "ह्याच चाकावर."

त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठं गेला होता. कृष्णात त्यांच्या शेजारी बसले. "आतलं कुणाला दिसतंय सर? मलाबी दिसलं न्हाय. ऐकू आलं तेवढंच."

सरांनी आतून चहा मागवला. चाकाचे पैसे घेणार नाही म्हणाले. स्वप्नाली म्हणाली की शब्द दिलाय. थोडी ओढाताण होऊन शेवटी असं ठरलं, की मागच्या चाकाचा तोटा सरांनी सोसायचा आणि पुढचं तिनं विकत घ्यायचं. पुढचं चांगलं होतं. कृष्णातनी ते तिथंच, सरांसमोर, परत एकदा गाळ्या-गाळ्यानं वाजवून बघितलं, आणि या वेळी सरही कान देऊन ऐकत होते.

घरी आल्यावर स्वप्नालीनं सुष्मिताला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. शर्यतीत हीच पोरगी आपल्यापुढं असणार हे तिला ठाऊक होतं, तरी सांगितलं.

जानेवारीत निवडीच्या दिवशी स्वप्नालीच्या सायकलीला पुढं कार्बनचं चाक होतं आणि मागं तिचं जुनं ॲल्युमिनियमचं. दोन्हींना दोन जातीचे ब्रेक. सुटायच्या जागी दोघी-तिघींनी बोट दाखवून हसूनही घेतलं. कृष्णात पन्हाळ्यावर नाक्याजवळ उभे होते. पहिल्या चढाला ती सातवी आली. खाली उतरून दुसऱ्यांदा वर येईपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात त्यांनी तीन वेळा चहा घेतला आणि एकही पुरता प्यायला नाही. मग वळणावर पहिली पोरगी दिसली, तिच्यामागं सुष्मिता, मग सांगलीची एक, आणि तिच्या चाकाला चाक लावून स्वप्नाली. शेवटच्या शंभर मीटरला तिनं जोर लावून बघितला, पण सांगलीची पोरगी हलली नाही. स्वप्नाली चौथी. संघात चौथीपर्यंत जागा होती.

सायकलीवरून उतरल्यावर तिला बोलायला येईना. कठड्याला टेकून ती खोकत राहिली. कृष्णातनी पाण्याची बाटली पुढं केली. जरा वेळानं ती म्हणाली, "उताराला तिघींना मागं टाकलं आण्णा. त्या भिऊन ब्रेक धरत होत्या. मला कशाचं भ्याच वाटलं न्हाय."

"चौथी म्हंजे संघात हाय न्हवं?" फोनवर चिमणाबाईंनी विचारलं, आणि आहे म्हटल्यावर नातीच्या कानाला फोन लावला.

राष्ट्रीय स्पर्धा पंजाबात होती. रेल्वेनं दोन दिवसांचा प्रवास. परतताना वाघबीळला दोघं उसाचा रस प्यायला थांबली तेव्हा स्वप्नालीला एकच काळजी होती. "सायकल गार्डाच्या डब्यात टाकत्यात आण्णा. वर पोती पडत्यात. पुढचं चाक कसं न्यायचं?"

"खोकं करूया," कृष्णात म्हणाले. "माप काढून दे उद्या."

सोमवारी त्यांनी माप फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, साच्यांचे लाकडी नमुने करतात तिथं, दिलं. तिथला सुतार आकाराम कुरकुरला, म्हणाला, साच्याचं काम सोडून आता सायकलीची खोकी करायची काय. तरी बुधवारी संध्याकाळी खोकं तयार होतं. प्लायवूडचं, आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर, मधोमध आख अडकवायला खुंटी, बाहेर दोन कड्या. कृष्णात ते स्कूटरच्या पुढं उभं धरून उचगावला घेऊन आले. गाडी शुक्रवारी होती.